फडा, पत्ता आणि बहिरी

सुशीलाचा पाय मोडला नसता तर मी रायपूरला गेलेच नसते. आमच्या बायांच्या गटात बोलायचं काम तिचं आणि फडे बांधायचं काम माझं, हे न ठरवता ठरून गेलेलं आहे. ती विहिरीजवळ घसरली, पायाला प्लास्टर लागलं, आणि सगळ्याजणी माझ्याकडे पाहू लागल्या. कारण काय, तर मी चौथी शिकलेली. चौथीचा आणि चारचौघांत बोलण्याचा काय संबंध ते मला समजलं नाही. पण नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं. ते मी उघडलं नाही, म्हणून गेले.

परत आल्यावर सुशीलाने खाटेवरूनच विचारलं, "काय काय झालं ते समदं सांग वो गिरजा." मी सांगायला बसले तर माझं सांगणं चहा निवायच्या आत संपलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी तुले रायपूरले धाडलं का?" लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही, म्हणून आता सवडीने लिहून काढते. तिला वाचून दाखवीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. आमचं गाव देवरीच्या पुढे, जंगलाला लागून. सिंदीची झाडं भरपूर. त्यांचा पत्ता कापायचा, सुकवायचा, विंचरायचा आणि फडे बांधायचे. दुसरीकडे केरसुणी म्हणतात, तोच आमचा फडा. रायपूरचा बाजार आम्हाला नागपूरपेक्षा जवळ आहे, पण मध्ये राज्याची हद्द येते आणि हद्दीवर नाका आहे. नाक्यावरचे म्हणतात, सिंदीचा पत्ता म्हणजे जंगलाचा माल, पास लागेल. आम्ही म्हणतो, हा पत्ता नाही, फडा आहे. ते म्हणतात, पत्त्याचाच आहे ना. पास आमच्याकडे नाही, ठेकेदाराकडे आहे. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर तो येतो, म्हणेल त्या भावात फडे उचलतो आणि आमच्या डोळ्यांसमोरून हद्दीपलीकडे नेऊन विकतो.

नागपूरच्या एका लहान संस्थेच्या वंदनाताई आमच्यासाठी दोन वर्षांपासून खटपट करत आहेत. हाताने माल बनवणाऱ्यांना बाजाराचा सरळ रस्ता मिळावा, त्यासाठी कायदे बदलावेत, असं त्यांच्या संस्थेचं काम आहे. त्यांनी रायपूरच्या एका संस्थेबरोबर मिळून सभा ठेवली होती. दोन्ही राज्यांतल्या बाया येणार होत्या आणि सरकारातले एक मोठे साहेब ऐकायला येणार होते. आम्हाला एवढंच मागायचं होतं की बांधलेला फडा पासाशिवाय हद्द ओलांडू द्या. तेही दिवाळीच्या आधी. दिवाळी झाली की फडा कोण विचारतो.

नाक्यावर

आम्ही तिघी निघालो. वंदनाताई, मी आणि कमला. कमला आमच्याच गटातली. तिच्या तोंडाला कुलूप नाही, पण ती कामाचं सोडून सगळं बोलते, म्हणून तिला एकटीला पाठवलं नव्हतं.

बसच्या टपावर फड्यांचा मोठा भारा चढवला. दोन्ही अंगाला धान पिवळं पडत आलेलं. हद्द कुठे लागते ते शेताकडे पाहून कळत नाही. तोच बांध, तेच बगळे, तशीच कमरेला पदर खोचलेली बाई. मी पाट्या वाचत बसले होते. एका पाटीवर 'आहे' होतं, पुढच्या पाटीवर 'है' आलं, तेव्हा समजलं की आपण दुसऱ्या राज्यात आलो.

नाक्यावरचा माणूस शिडीने टपावर चढला आणि वरूनच म्हणाला, "ये पत्ता किसका है?"

वंदनाताई खाली उतरल्या. "पत्ता नहीं है भैया, झाडू है."

"झाडू किसका? पत्ते का ना? पास दिखाओ."

कमलाने खिडकीतून मान काढली. "तुमची खुर्ची लाकडाची हाय नं भैया? तिचा पास दाखवा आधी."

सगळी बस हसली, पण भारा खाली आलाच. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मेरे हाथ में होता तो जाने देता दीदी. ऊपर से यही लिखा है." घरच्या वापराचे म्हणून मांडीवर मावतील तेवढे फडे न्यायला त्याने हरकत घेतली नाही. बाकीचा भारा नाक्याजवळच्या चहाच्या टपरीत ठेवला. टपरीवालीने वर ताडपत्री टाकली. "जब आओगे, ले जाना." बस सुटली तेव्हा मी वळून पाहत होते. आपलं वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून यावं तसं वाटलं.

मांडीवरच्या फड्यांचं टोक पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या कानात गेलं. तो दचकून उठला. मी माफी मागायला हवी होती, पण शब्द येईपर्यंत तो पुन्हा झोपला.

मीनाचं घर

रायपूरला माझी चुलत बहीण मीना राहते, चौबे कॉलोनीत, माडीवरच्या खोल्यांत. भाऊजी शहराबाहेर उरला नावाच्या भागात एका लोखंडाच्या कारखान्याच्या हापिसात आहेत. संध्याकाळी घरी आले की चपलेबरोबर शर्टही दारातच झटकतात, इतकी तिकडे धूळ. मीना दिवसातून तीनदा झाडते. मी दारात उभी, मागे कमला, हातात फडे, आणि तिने आधी फड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुकानातला झाडू महिनाभर बी टिकत नाही वो. यातला एक माह्या."

मी फडा उंबऱ्याच्या आत खाली ठेवला, तिने उचलला. फडा हातात द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. लक्ष्मी आहे ती. मीठ जसं हातावर देत नाही, तसा फडाही नाही. मीना इतकी वर्षं रायपूरला आहे, पण विसरली नव्हती.

रात्री जेवायला फरा होते. तांदळाच्या पिठाचे बोटभर वळे करून वाफवतात आणि तीळ-कढीपत्त्याची फोडणी देतात. आमच्याकडे तांदळाच्या पिठाची भाकर होते, आयते म्हणजे पातळ धिरडी होतात, पण असं वळून कोणी करत नाही. बरोबर टमाट्याची चटणी. मी पोटभर खाल्ले आणि मीनाला करायची रीत विचारली. खाण्याचं विचारायला मला भीती वाटत नाही.

मीनाची मुलगी पिंकी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. तिने मला सभेत बोलायचं शिकवायला घेतलं. "मौसी, बोलो, साहब, हम लोग झाडू बनाते हैं."

मी म्हटलं, "साहब, हम लोग झाडू बनवते."

"बनाते हैं."

मीना स्वयंपाकघरातून ओरडली, "तू मराठीत बोल नं पोट्टे तिच्यासंग."

"समझती तो हूँ न मम्मी. बस मुँह से नहीं आता."

मला त्या पोरीचं फार पटलं. माझंही तसंच आहे. समजतं सगळं, फक्त तोंडातून येत नाही.

बाजारात

सभा तिसऱ्या दिवशी होती. मधला दिवस मोकळा होता म्हणून कमला म्हणाली, आणलेले फडे तरी विकून पाहू. मीनाच्या घराजवळच्या भाजीबाजारात आम्ही पोतं अंथरलं. शेजारी एक छत्तीसगढी बाई बांबूची सुपं घेऊन बसली होती. तिचं नाव सुकवारो. हातभर काचेच्या बांगड्या आणि हसली की डोळे मिटायची. तिने स्वतःचं पोतं थोडं ओढून आम्हाला जागा करून दिली. आमच्या बाजारात शेजारीण अशी सरकत नाही, उलट पोतं पसरते.

कमला चहा आणायला गेली आणि तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. एक बाई, हातात पिशवी. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बहिरी?"

मी गप्प. मला वाटलं, दुसऱ्या कोणाशी बोलते.

ती वाकली आणि जरा मोठ्याने म्हणाली, "ए दीदी, बहिरी!"

माझ्या कानशिलात ऊन चढलं. मी हळू बोलते, उशिरा बोलते, हे मला मान्य आहे, पण अनोळखी बाईने बाजारात बहिरी म्हणावं? मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला उलट बोलले. "बहिरी नाही मी. ऐकू येते मले."

ती बाई गोंधळली. फड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त ये का आय?" मग हे काय, असं.

सुकवारोने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते. हसणं आवरल्यावर तिने एक फडा उचलून हवेत झाडल्यासारखा केला. "बहिरी. हमर डहर येला बहिरी कथें दीदी." आमच्याकडे याला बहिरी म्हणतात.

कमला चहा घेऊन आली तोवर अर्ध्या बाजाराला गोष्ट कळली होती. तिने कप खाली ठेवला आणि त्या क्षणापासून मला दुसरं नाव पडलं. "बहिरे, चहा घे. बहिरे, सुटे हायेत का?" मला राग आला नाही, याचं मलाच नवल वाटलं. हसण्यात मीही होते.

फडे मात्र पाहता पाहता गेले. दिवाळीची झाडझूड घरोघरी सुरू झाली होती. पहिली बाई आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, आणखी बाया घेऊन आली. त्या फड्याची मूठ दाबून पाहत, टोक तळहातावर टेकवून पाहत, आणि उचलत. सभेत दाखवायला एक राखून ठेवला होता, तोही एकीने मागितला, तो मी पोत्याखाली लपवला. "और नइ हे?" आणखी नाहीत का, असं विचारत बाया येतच राहिल्या. कमला त्यांना सांगत होती, "हाय नं, लय हाय. नाक्यावर झोपून हाय."

समता कॉलोनीत

सभेचा हॉल समता कॉलोनीत होता, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिना चढताना औषधाचा वास आणि वरून भाजीच्या फोडणीचा वास, दोन्ही एकदम नाकात आले. आधी जेवण दिलं. पातळ कढीत उडदाच्या डाळीच्या आणि पानांच्या वड्या होत्या, त्याला इडहर म्हणतात. लाल भाजी, भात, लोणचं. इडहर मी दोनदा घेतलं. आमच्याकडे अळूच्या पानांच्या वड्या तळतात, कढीत सोडत नाहीत. सोडायला हव्यात.

सुकवारोही तिथे होती. सुपं बनवणाऱ्या बायांकडून ती आली होती. मला पाहून दुरूनच म्हणाली, "बहिरी वाली दीदी!" आणि माझ्या शेजारी येऊन बसली. त्याने बरं वाटलं.

साहेब वेळेवर आले. चष्मा लावलेले, शांत. मोहफुलाच्या बाया बोलल्या, चारोळीच्या बोलल्या. साहेब मध्ये बोलत नव्हते, त्यांच्या शेजारचा माणूस लिहीत होता. मग वंदनाताईंनी आमचं सांगितलं. ठेकेदार, नाका, टपरीत पडलेला भारा, दिवाळी. साहेब म्हणाले, "बात आपकी ठीक है. पर मेरी मुश्किल समझिए. पत्ता कहाँ तक पत्ता है और कहाँ से झाडू? कोई कच्चे पत्ते का बंडल बाँधकर कह दे कि झाडू है, तो नाके वाला क्या करे?"

वंदनाताईंनी त्यासाठी लिहून आणलं होतं, पानभर. साहेबांनी वाचलं. "अच्छा लिखा है. पर नाके पर रात को टॉर्च लेकर इतना कौन पढ़ेगा?" मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "झाडू लाई हैं क्या? ज़रा दिखाइए."

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. पिंकीने शिकवलेलं वाक्य तिथेच खुर्चीवर राहिलं. फडा घेऊन पुढे गेले. साहेबांनी हात पुढे केला. मी त्या हाताकडे पाहिलं, आणि वाकून फडा त्यांच्या पायांपासून जरा लांब, जमिनीवर ठेवला.

साहेबांचा हात तसाच पुढे. "नाराज़ हैं क्या?" त्यांनी विचारलं.

वंदनाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "गिरजाताई, हातात द्या ना त्यांच्या."

"हातात देत नाही," मी म्हटलं. ते मलाच जेमतेम ऐकू गेलं.

मागून सुकवारो उभी राहिली. "बहिरी ला हाथ मा नइ देवन साहेब. लछमी आय. भुइयां मा मढ़ाथन, लेवइया उठाथे." झाडू हातात देत नाही, जमिनीवर ठेवतो, घेणारा उचलतो.

चारी बाजूंनी बायांनी "हव, हव" केलं. हद्दीच्या अलीकडच्या, पलीकडच्या, सगळ्यांनी. साहेब खुर्चीतून उठले, वाकले आणि त्यांनी फडा उचलला. म्हणाले, "मेरी माँ भी ऐसे ही करती थी. मैं भूल गया था." त्यांनी मूठ दाबून पाहिली, बाजारातल्या बायांसारखीच. मग मला विचारलं, "और पत्ता? पत्ता तो हाथ में देते हैं?"

हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेलं कोणी सरळ विचारलं की मला सांगता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी मराठीतच सांगितलं, "पत्ता हातात देतो. सुकला तरी देतो, विंचरला तरी देतो. मुठीची गाठ बसली की मग नाही देत. पाय बी लावत नाही."

वंदनाताई हिंदीत सांगायला लागल्या, तर साहेब म्हणाले, "समझ गया." त्यांनी बोटाने गाठ चाचपली आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "लिखो. मूठ की गाँठ बँध गई तो झाडू. गाँठ तो टॉर्च में भी दिखती है."

मी जागेवर येऊन बसले. सुकवारोने माझ्या हातावर आपला हात ठेवला, बांगड्या वाजल्या. कमलाने तेवढ्यात उठून बहिरीची गोष्ट साहेबांना सांगून टाकली, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत, आणि साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

जाताना मात्र त्यांनी पक्कं काही सांगितलं नाही. म्हणाले, "जंगल विभाग से बात करनी पड़ेगी. कोशिश करूँगा. दिवाली से पहले हो जाए, ये वादा नहीं करता." वंदनाताई नंतर म्हणाल्या, पुस्तकातला कायदा बदलायला वर्षं जातात, त्यासाठी त्यांना अजून बऱ्याच सभा घ्याव्या लागतील. त्या थकलेल्या दिसत नव्हत्या. असं काम करणाऱ्या माणसाला थकून कसं चालेल, असंही असेल.

परतीचा नाका

मीनाने वाटेला ठेठरी बांधून दिली. बेसनाची, कडक, मिठाची. पिंकी बसपर्यंत आली. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "मावशी, परत या." तीनच शब्द, पण मराठीत. तिचे कान लाल झाले होते. मला ते कान ओळखीचे वाटले.

नाक्यावर उतरलो तर तोच माणूस नाक्यासमोरचं अंगण झाडत होता. कमलाने मला कोपर मारलं. त्याच्या हातात आमचा फडा होता. मुठीची गाठ माझ्या हाताची, मी कुठेही ओळखीन.

कमला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय भैया, पत्त्यानं झाडून राहिले का?"

त्याला मराठी समजत होतं, हे तेव्हा कळलं. तो ओशाळला, पण हसला. "चाय वाली से खरीदा है दीदी. बढ़िया झाडू है."

"अन् त्या दिवशी काय होतं?"

"उस दिन बस के ऊपर था."

त्याने फडा फेकला नाही. भिंतीशी आडवा, जपून ठेवला. टपरीवालीने फड्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि ताडपत्री काढली. भारा जसाच्या तसा कोरडा होता.

कमला म्हणाली, "चाल, गावाकडच्या बसवर चढवू. ठेकेदार याच हप्त्यात येते. आपण नाही दिलं तर त्याच्या नाकाले मिरच्या झोंबतीन, अन् साहेबाचा कागद नाही आला तर हे फडे कोणाच्या घरी ठेवाचे?"

वंदनाताई बाजूला झाल्या. निर्णय तुमचा, असं त्या नेहमी म्हणतात. मी भाऱ्याकडे पाहिलं. घरी नेला तर तो ठेकेदाराचा, हे ठरलेलंच होतं. इथे ठेवला आणि कागद आला नाही, तर सगळ्या बायांची मेहनत टपरीत पडून राहिली असती, आणि ते माझ्यामुळे झालं असतं. पण रायपूरच्या त्या बाया मला दिसत होत्या. पिशव्या घेऊन, और नइ हे, और नइ हे, असं विचारणाऱ्या.

"राहू दे इथंच," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"राहू दे म्हणते. हद्दीजवळ हाय तर जवळच राहू दे."

मग कमलानेच ताडपत्री परत ओढली.

ठेकेदार आला. गावातून नेहमीपेक्षा कमी माल निघाला म्हणून तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "तुमचे फडे नाक्यावर म्हातारे होतीन, गिरजाबाई." मी काही बोलले नाही. ते मला जमतं. सुशीलाने मात्र खाटेवरून त्याला काय ऐकवायचं ते ऐकवलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. दिवाळी अगदी जवळ आली आणि वंदनाताईंचा फोन आला. कायदा बदललेला नाही, पण नाक्यावर सूचना गेली आहे. गाठ बसलेला फडा, बाईच्या डोक्यावर मावेल एवढा भारा, पासाशिवाय जाऊ द्यावा. पुढचं पुढे. फोन ठेवून मी कमलाला बोलावलं आणि आम्ही तशाच निघालो.

नाक्यावरच्या माणसाने स्वतः भाऱ्याला हात लावला. मोठा होता म्हणून आम्ही तो तिघींच्या डोक्यावर मावेल असा वाटून बांधला. तिसरी सुकवारो. वंदनाताईंनी तिलाही कळवलं होतं, म्हणून ती रायपूरहून आम्हाला घ्यायला आली होती आणि नाक्याच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला उभी होती. आम्ही अजून टपरीत गाठी मारत होतो, तोच तिने तिकडून हाक मारली, "ए बहिरी!"

मी पहिल्याच हाकेला ओ दिली.